पिवळ्यानंतर निळा

संत्री आली बाजारात. यंदा जरा उशिराच आली, पण आली एकदाची. हुडकेश्वरला आमच्या वळणावर सकाळी एक हातगाडी उभी राहते. गाडीवाला वर्तमानपत्र अंथरून त्यावर ढीग रचतो आणि वरची चार फळं ओल्या फडक्यानं पुसून चकचकीत करतो. मी त्याला दरवर्षी टोकते. अरे बाबा, संत्र्याच्या अंगावर जे असतं ते असू द्यावं, पुसतोस कशाला? तो म्हणतो, आजी, पुसल्याशिवाय गिऱ्हाईक थांबत नाही. त्याचं बरोबर आहे. चकचकीत वस्तूचा मोह मला चांगला ठाऊक आहे. त्या मोहापायी मी एकदा एका माणसाची सोळा वर्षं चिंच लावून घासून टाकली होती.

दर मोसमाला पहिलं संत्रं खाल्लं की मी हात साबणानं दोनदा धुते, कोरडे करते आणि कपाटातला पावडरचा जुना डबा बाहेर काढते. सालीचं तेल बोटांना राहतं, ते चांदीला लागू द्यायचं नसतं. डब्यात कापडाची एक चौकोनी घडी आहे, घडीत एक राणीछाप रुपया. दुपारी दोनच्या सुमाराला खिडकीत ऊन येतं. त्या उन्हाच्या शेजारी बसून, उन्हात नव्हे, मी तो रुपया कडेनं धरून बघते आणि होता तसा परत ठेवते. वर्षातून एकदाच. घरातल्यांना हा माझा कुळाचार माहीत आहे. कोणी थट्टा करत नाही, म्हणजे माझ्यासमोर तरी करत नाही.

यंदा या पाहण्याला एक कारण जास्तीचं होतं. पावसाळ्यानंतर माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. सकाळी गेले, दुपारी घरी येऊन भात खाल्ला. इतकं सोपं झालंय आता हे. मला मात्र दवाखान्याच्या त्या खुर्चीत बसल्या बसल्या मामाजींचं ऑपरेशन आठवत होतं आणि तो हिवाळा आठवत होता.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी मी लग्न होऊन वर्ध्याहून सक्करदऱ्याला आले, तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो. मामाजी, हे आणि मी. सासूबाईंना मी पाहिलंच नाही. त्या जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. घर विणकरांचं. मागच्या पडवीत पूर्वी हातमाग होता, तो केव्हाच विकला गेला होता, पण विणणाऱ्यानं पाय सोडून बसायचा खड्डा तसाच होता. त्यात मी कोळशाचं पोतं ठेवायची. माग गेल्यावर मामाजींनी कापडाच्या दुकानात नोकरी धरली आणि तिथूनच म्हातारे होऊन घरी बसले. हिवाळ्यात सकाळी तलावाकडून धुकं आमच्या गल्लीपर्यंत यायचं. मामाजी कानाला मफलर गुंडाळून ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावरचं कापड नुसत्या नजरेनं ओळखायचे. हे उमरेडचं, हे मिलचं, हे मिलचं असून हातमागाचं म्हणून विकलेलं.

त्यांच्याकडे एक घडीचं पितळी भिंग होतं. टेबलावर उभं राहतं, खाली चौकोनी खिडकी असते अर्ध्या इंचाची. ते कापडावर ठेवायचं आणि त्या चौकोनात धागे किती बसतात ते मोजायचं. विणकरांकडे आणि कापडवाल्यांकडे असायचं असं भिंग. मामाजींचं कापड सुटलं, भिंग सुटलं नाही. ते त्यातून नाणी पाहायला लागले.

खजिना वगैरे काही नव्हता. लक्ष्मीपूजनाचे दहाएक चांदीचे रुपये, ते एका थैलीत. आणि एक रुपया वेगळा, कापडात गुंडाळलेला. पण मामाजींच्या नजरेची ख्याती होती. रविवारी सकाळी ओट्यावर कोणी ना कोणी खिशातून पुडी काढायचं आणि म्हणायचं, काकाजी, जरा सांगा बरं हा कसा आहे. जुन्या चांदीवर रंग चढतो ना, पिवळा, तांबडा, जांभळा, निळा, तसल्या रंगाच्या नाण्यांची जमवणाऱ्यांना भारी हौस असते. आणि हौस आली की तिच्या मागं लबाडी येतेच. कोणी चांदीला गंधकाची वाफ देतं, कोणी औषधं लावतं आणि वर्षांचं काम एका दुपारी उरकतं. मामाजींचे दोनच शब्द होते. एक मुरलेला, दुसरा माखलेला. भिंगातून पाहायचे आणि दोनातला एक शब्द सांगून नाणं परत करायचे.

मला त्यात काही विशेष वाटायचं नाही. मी बी.एस्सी. झालेली, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. हवेत, कागदात, कापडात गंधकाचा अंश असतो, तो चांदीला लागतो, पातळ थर धरतो, थर जाड होईल तसा रंग बदलतो. झालं. यात मुरायचं काय आणि माखायचं काय, असं मला वाटे. अहो, नवं लग्न आणि नवी डिग्री, दोन्ही अंगात होतं.

त्या वर्षी दसरा झाला आणि मामाजींच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा ते आजच्यासारखं नव्हतं. डोळ्याला हिरवी पट्टी, मान हलवायची नाही, वाकायचं नाही, आणि दीड-दोन महिन्यांनी नंबर काढून जाड चष्मा. डावा डोळा मोतीबिंदूनं आधीच गेल्यात जमा. म्हणजे ऐन दिवाळीत मामाजींना काहीच दिसत नव्हतं. खाटेवर बसून ते आवाजानं घर चालवायचे.

लग्नानंतरची माझी ती दुसरी दिवाळी. पहिली माहेरी झाली होती, त्यामुळे सासरचं लक्ष्मीपूजन मी पहिल्यांदाच मांडणार होते. कुठे काही कमी पडू नये असं फार वाटत होतं. सकाळीच डब्यातून पूजेची चांदी काढली. चिंच कोळली, चुलीची राख चाळून घेतली आणि पडवीत बसून रुपये घासायला लागले. थैलीतले दहा रुपये दरवर्षी घासले जात, त्यांना वेळ लागला नाही. मग डब्याच्या तळाशी ती कापडाची पुरचुंडी दिसली. उघडली तर आत हा रुपया. काळपट, निळसर, कडेला तांबूस, मध्ये कसल्याशा बारीक रेघा. मला त्याची दयाच आली. घरात बाई माणूस नाही, कोणाचं लक्ष नाही, वर्षानुवर्षं घासायचा राहून गेला बिचारा. मी त्याला दोनदा चिंच लावली. राखेनं अंगठा दुखेपर्यंत घासला. राणीचं तोंड असं उजळलं की मीच खूश झाले. आणि ज्यात तो बांधला होता ते कडक, पिवळट कापडही साबणाच्या पाण्यात खळखळून धुतलं आणि दोरीवर वाळत घातलं. सफाईच करायची तर पुरी करावी ना.

हे दुपारी घरी आले आणि पडवीच्या दारातच थांबले. दोरीवरचं कापड पाहिलं, पाटावरचा रुपया पाहिला. रागावले नाहीत, पण चेहरा उतरला. खालच्या आवाजात म्हणाले, हा नको घासायला होता. याच्यावर बाबांचा फार जीव आहे, दर रविवारी सगळे गेले की एकटेच हा काढून पाहतात. का जीव आहे ते यांनाही नीट माहीत नव्हतं. आई गेल्यापासून हा वेगळा ठेवलाय, एवढंच. मी रुपया परत त्या कापडात बांधला, डब्यात ठेवला, आणि संध्याकाळी थैलीतल्या दहा रुपयांचीच पूजा मांडली.

दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, मामाजींनी ती पुरचुंडी मागितली. नुसती हातात धरायची म्हणाले. दिसत नव्हतं, तरी रविवार चुकल्याचं त्यांना लागत असावं. मी दिली. त्यांनी ती न उघडता मुठीत धरली, कापडाचा एक कोपरा बोटांत घेऊन चोळला, मग नाकाशी नेला. पुरचुंडी मला परत दिली. मग म्हणाले, थंडी पडली वं यंदा लवकर. मी हो म्हटलं आणि चहा ठेवायला आत पळाले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. आता सत्तरी ओलांडल्यावर हे म्हणणं सोपं आहे. तेव्हा मला त्या माणसाचा धाक नव्हता, उलट लोभ लागला होता. मी शाळेतून दमून आले तर आंधळेपणीही चाचपडत उठून ते मला पाणी द्यायचे. अशा माणसाला काय सांगायचं? की तुमची दृष्टी झाकलेली होती तेवढ्यात तुमची आवडती वस्तू मी धुऊन टाकली? मला त्यांचं मन गमवायचं नव्हतं. आणि मला वाटलं, रंगच ना, तो तर मी आणू शकते. चष्मा यायला अजून महिना होता.

शाळेच्या प्रयोगशाळेत सडक्या अंड्याच्या वासाचा तो प्रसिद्ध वायू तयार करायचं काचेचं उपकरण होतं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी रुपया घेऊन बसले. रंगात त्या बारीक रेघा होत्या हे मला आठवत होतं, कापडाच्या विणीच्या असाव्यात हेही कळलं होतं. घरचं कापड गॅसनं खराब होईल म्हणून ते मी वापरलं नाही. माझ्या एका साडीचा तुकडा ओला करून रुपयाभोवती घट्ट ताणला आणि वायू सोडला. क्षणात पिवळा आला, पाहता पाहता जांभळा झाला, निळा झाला. मी घाईनं बाहेर काढला. रेघासुद्धा उमटल्या होत्या. खरं सांगते, मला स्वतःचा अभिमान वाटला. घरी येऊन रुपया मूळ कापडात गुंडाळला, डबा बंद केला आणि त्या रात्री छान झोप लागली.

चष्मा आला. काचा इतक्या जाड की मामाजींचे डोळे त्यात लिंबाएवढे दिसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी घर पाहिलं, मला पाहिलं, तलावावर जाऊन आले, आणि रुपया काही मागितला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. मला घास गोड लागेना.

मग एका रविवारी काटोलहून देवराव आले. त्यांची संत्र्याची बाग होती. मामाजी दुकानात होते तेव्हापासूनची ओळख. पहिल्या एसटीनं निघून, खांद्यावर संत्र्यांची थैली टाकून ओट्यावर आले, आणि बसतात न बसतात तोच कोटाच्या आतल्या खिशातून रुपया काढला. कोणत्याशा जत्रेत घेतलेला. निळा आणि जांभळा, असा झगझगीत की मलासुद्धा दारातून दिसला. देवरावांना तो देवघरात ठेवायचा होता, पण आधी काकाजींनी पाहावा अशी इच्छा होती.

मामाजींनी भिंग मांडलं. रुपया तिरपा केला, फिरवला, पुन्हा तिरपा केला. मग रुपया खाली ठेवला आणि थैलीतलं एक संत्रं उचललं.

"देवराव, हे झाडावर रंग धरते तं कसं धरते गा? एका दिवसात?"

"नाही जी. हळूहळू फिरते. हिरव्याचं पोपटी, मंग पिवळं, मंग केशरी. अन् पान चिपकून असलं तं पानाखाली हिरवंच राहून जाते."

"मंग या रुपयावर पान कुठी आहे?" मामाजी म्हणाले. "अक्षराच्या आडोशाले बी तोच निळा, राणीच्या गालावर बी तोच निळा. अन् पिवळा कुठीच नाही. पिवळा झाल्याबिगर निळा होत नसते, देवराव."

पुढचं ते हळूहळू समजावून सांगत राहिले. खऱ्या रंगाला घाई नसते, तो पायरी सोडत नाही. कडेला गडद, आत येता येता फिका, एकातून दुसरा कधी झाला ते सांगता येऊ नये. उंच अक्षराच्या पायथ्याशी थोडी चांदी मोकळी राहते. आणि मुख्य म्हणजे रुपया तिरपा केला की रंगाखालून चांदीचा उजेड फिरला पाहिजे. माखलेल्यावर उजेड फिरत नाही, रंगावरच थांबतो. बी.एस्सी.च्या तीन वर्षांत मला थरांचं गणित शिकवलं होतं, पण ते असं कोणी दाखवलं नव्हतं. मी दाराशी उभी राहून ऐकत होते, आणि मी आणलेल्या रंगात उरलेला पिवळा मलाही कुठे आठवेना.

देवरावांना वाईट वाटलं. पण माणूस खेळकर. म्हणाले, "जिंदगीभर संत्री पिकवली काकाजी, कधी एकाले रंग नाही देल्ला. अन् मलेच रंगवलेलं देल्लं पाहा." स्वतःच हसले. मग म्हणाले, तुमचा तो खरा दाखवा ना, मिलवून पाहतो.

"सूनबाई," मामाजींनी हाक मारली. "रुपया आण वं."

मी आणला. दुसरं काय करणार? त्यांनी घडी उलगडली, रुपया भिंगाखाली ठेवला आणि वाकले. मला त्यांचे ओठ हलताना दिसले. ते मोजत होते, दुकानात कापड मोजायचे तसं. एकदा मोजलं. रुपया थोडा फिरवून पुन्हा मोजलं. मग सावकाश भिंग मिटलं, रुपया घडीत ठेवला, आणि देवरावांनी पुढे केलेल्या हातात दिला नाही.

"हा तं मुरलेला आहे ना, काकाजी?" देवरावांनी विचारलं.

"हा घरचा आहे," मामाजी म्हणाले. "घरच्याची परीक्षा मी नाही करत."

देवरावांना त्यात वावगं काही वाटलं नाही. चहा घेतला, संत्र्यांची थैली माझ्याकडे दिली, फोडी गोड निघाल्या नाहीत तर सांगा म्हणाले आणि स्टँडकडे गेले. मामाजी पडवीत येऊन खड्ड्याच्या काठावर बसले, पाय आत सोडून, जसे मागावर बसत असतील तसे. पुरचुंडी मांडीवर. आता मात्र माझ्याच्यानं राहवेना.

"मामाजी, तो रुपया मी घासला," मी म्हटलं. "दिवाळीला. चिंच लावून. आणि मग शाळेत नेऊन गॅसनं रंग दिला. तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून बोलले नाही."

"मले माहीत आहे," ते म्हणाले. "पाडव्यालेच समजलं. कापडाची खळ गेली होती."

खळ म्हणजे सुताला मागावर देतात ती पेज. तिच्यामुळे नवं कापड कडक असतं, पहिल्या धुण्यात ती जाते. ज्यानं आयुष्य सुतात काढलं त्याला डोळे कशाला लागतात? मी साबणानं धुतलेलं कापड त्यांच्या बोटांनी त्याच दिवशी ओळखलं होतं. आणि रंगाचं म्हणाल तर तोही त्यांनी रंगावरून नाही, सुतावरून धरला. माझ्या साडीच्या तुकड्याचे धागे रुपयावर उमटले होते, भिंगाच्या चौकोनात सेहेचाळीस. मिलचं सूत. मामाजींच्या हातचं कापड त्या चौकोनात बत्तिसाच्या वर कधी गेलं नव्हतं. माझी सगळी डिग्री चौदा धाग्यांनी आपटली.

मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत?

"तू सांगशीन म्हणून वाट पाहून राहिलो होतो," ते म्हणाले.

मग त्यांनी मला त्या कापडाची हकिगत सांगितली. माग विकायच्या आधी त्यांनी शेवटचं जे विणलं ते सासूबाईंसाठी लुगडं होतं. बारीक लाल काठाचं. सासूबाईंनी ते एकदाच नेसलं, त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला. लग्नात ओटीत पडलेला रुपया त्यांनी तेव्हा पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला होता. लुगडं धुवायचं राहिलं, घडी करून पेटीत गेलं, आणि पुढची दिवाळी त्यांनी पाहिली नाही. मामाजींनी तेवढा पदराचा तुकडा कापून घेतला, रुपया त्यातच गुंडाळला. सोळा वर्षांत त्या पदराचे धागे रुपयावर उतरले. पिवळे झाले, तांबूस झाले, मग निळे. ते धागे पाहायचे ते दर रविवारी.

मला रडू कोसळलं. मी नुसती उभ्यानं रडत होते आणि मामाजी खड्ड्यात पाय हलवत बसले होते. मग त्यांनी थैलीतलं एक संत्रं काढून माझ्या हातात दिलं, लहान मुलाला देतात तसं.

"रडू नको वं. चांदी आहे ते. चांदीले पुन्हा रंग येते," ते म्हणाले. "पिवळा होयेपर्यंत मी आहो. निळा तू पाहजो."

पुढच्या रविवारी मी माझा रंग काढला. पाणी उकळलं, जर्मनच्या गंजात, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातेल्यात ओतलं, खायचा सोडा टाकला आणि रुपया बुडाला टेकेल असा सोडला. अॅल्युमिनियम चांदीवरचं गंधक ओढून घेतं, चांदीला घासावं लागत नाही. हे मी मामाजींना समजावून सांगत होते आणि ते चष्मा गंजावर आणून, वाफेनं काचा धुकटल्या की पुसून, अगदी वर्गातल्या पहिल्या बाकासारखे ऐकत होते. सडक्या अंड्याचा वास पडवीभर झाला. हे नाकाला रुमाल लावून बाहेर निघून गेले. आम्ही दोघं हसायला लागलो. दिवाळीनंतर त्या घरात मी पहिल्यांदाच मोकळी हसले.

निळा-जांभळा उतरला. उरली पांढरी चांदी आणि राखेचे बारीक ओरखडे. ते कोणत्याही सोड्यानं जाणार नव्हते. मामाजींनी भिंगातून ते सगळे पाहून घेतले आणि म्हणाले, राहू दे, ओरखड्याले बी रंग येते. मग घडी कशी घालायची ते दाखवलं. काठ वर, राणीचं तोंड काठाकडे, जुन्या घडीवरच नवी घडी. वर्षातून एकदाच उघडायचं, म्हणजे धागा जागचा हलत नाही; रंग मुरेपर्यंत तेही असंच करत, रविवारचं पाहणं नंतरचं. कापड ताणताना म्हणाले, सूत आता आटलं आहे, पहिल्या धुण्यात आटतेच, धागे जरासे जवळ आले असतीन. मी मान खाली घातली. ते टोचून बोलले नव्हते, सूत आटतं एवढंच सांगत होते.

त्या हिवाळ्याइतका निवांत हिवाळा मला पुन्हा मिळाला नाही. देवरावांची संत्री महिनाभर पुरली. शाळेतून आले की आम्ही ओट्यावर बसायचो. मामाजी साल न तुटता एका पट्टीत काढायचे आणि ती मी उटण्यासाठी सुपात वाळत घालायची. रविवारी लोक पुड्या घेऊन यायचे, आणि आता मामाजी भिंग आधी माझ्यापुढे सरकवायचे. मी म्हणायची, माखलेला. ते पाहायचे आणि म्हणायचे, काहून? मग कारण सांगावं लागे. कारण चुकलं आणि उत्तर बरोबर आलं तरी चालत नसे. पुढे शाळेत मीही तसंच केलं, पोरी वैतागायच्या.

पुढच्या मोसमात घडी उघडली तेव्हा रुपया पांढराच होता. त्याच्या पुढच्या वर्षी मामाजींनी विचारलं, दिसते काय? मला वाटलं दिसतं, पण माझाच विश्वास बसेना. तिसऱ्या वर्षी दोघांनाही दिसलं. कडेला, पातळ चहाचा डाग राहतो तेवढं पिवळं. मामाजींनी त्या दिवशी देवरावांना पोस्टकार्ड टाकलं, पिवळा धरला म्हणून. देवराव एसटीनं आले ते खास तेवढं पाहायला. ऐंशीचं दशक लागलं आणि पिवळ्याचा सोनेरी झाला, काठाकडच्या बाजूला किंचित तांबूस. तोही मामाजींनी पाहिला. त्याच्या पुढच्या संक्रांतीनंतर ते गेले, झोपेतच. बोलल्याप्रमाणे पिवळ्यापर्यंत थांबले, थोडे वरच थांबले.

नंतर सक्करदरा सुटलं. हुडकेश्वरला घर झालं, पडवी नाही, खड्डा नाही, पण दक्षिणेची खिडकी मी अडून मागून घेतली. रुपया आपला डब्यात त्याच्या चालीनं चालला होता, खळ गेलेल्या कापडात पहिल्यापेक्षा सावकाश. मध्ये एकदा इथल्या नाण्यांच्या प्रदर्शनात एका तरुण व्यापाऱ्याला मी तो दाखवला. पोरगा हुशार होता. म्हणाला, कलर ओरिजिनल आहे मॅडम, कापडात राहिलेला आहे, पण पीस कधीतरी घासलेला आहे, त्यानं किंमत जाते. मी म्हटलं, मीच घासलाय. तो ओशाळला आणि उगाच दुसरी नाणी मांडायला लागला. मला मात्र बरं वाटलं. त्यानं एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती.

निळ्याचं मात्र नक्की होत नव्हतं. गेली काही वर्षं कडेचा रंग मला कधी करडा वाटे, कधी हिरवट. घरात विचारलं तर मुलगा म्हणायचा, निळाच आहे की. पण दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहून कसं चालेल? मला पाहजो म्हटलं होतं. मोतीबिंदू सगळ्यालाच पिवळट करून ठेवतो, हे ऑपरेशननंतर कळलं. घरी आले त्या दिवशी खिडकीतून आभाळ पाहिलं आणि थक्क झाले. इतकं निळं असतं ते, मी विसरलेच होते. पण डबा काढला नाही. म्हटलं, संत्री येऊ दे.

काल आली. एक खाल्लं, हात धुतले, खिडकीत बसले. घडी उलगडली. कडेनं गडद निळा, आत येता येता जांभळा, मग तांबूस, मग सोनेरी, आणि राणीच्या गालाशी अजून थोडी मोकळी चांदी. रुपया तिरपा केला तर सगळ्या रंगांखालून उजेड फिरला. ओरखडेसुद्धा निळे झालेत. आणि त्या सगळ्यावरून, उभे-आडवे, बारीक, सासूबाईंच्या पदराचे धागे.

मामाजींचं भिंग काढून रुपयावर ठेवलं आणि मोजायला लागले. माझेही ओठ हलत असणार. बत्तीस यायला हवे होते. तेहतीस आले. रुपया थोडा फिरवून पुन्हा मोजले, तेहतीसच. मोजण्यात चूक नव्हती. बत्तीस मामाजींच्या हातचे, आणि सूत आटून जवळ आलेला तेहतिसावा माझ्या धुण्याचा.

मी घडी घातली. काठ वर, राणीचं तोंड काठाकडे.

"निळा आला, मामाजी," मी म्हटलं. "पाहिला मी."